तापीकाठी राहून समुद्रातल्या माशाचं वेड

जळगावहून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभर गाडी चालवायची, मग कुठे सकाळी पालघर नाहीतर अलिबागच्या बाजूला खारा वारा तोंडावर येतो. तरीपण जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात हौसेने समुद्रात गळ टाकणारी मंडळी आहेत, थोडीच आहेत पण पक्की आहेत. कोणाला रील पाहिजे असतं, कोणाला ब्रेड म्हणजे विणलेल्या धाग्याची लाइन, कोणाला भरतीच्या वेळा, असे फोन चालू असतात आणि बोलणं फिरून एकाच प्रश्नावर येतं की तुझा स्वप्नातला मासा कोणता. म्हणून या मार्गशीर्षात ठरवलं की सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या गावी जाऊन भेटायचं, तापीच्या काठाकाठाने, वर चांगदेवपासून ते खाली नवापूरच्या उकई बॅकवॉटरपर्यंत. सोबत रॉड घ्यायचे, पाणी दिसेल तिथे कास्ट करायचं म्हणजे गळ लांब फेकायचा आणि प्रत्येकाचं निवांत ऐकून घ्यायचं. तापी मुलताईहून निघते, आपल्या खान्देशातून पश्चिमेकडे जाते आणि सुरतच्या पुढे डुमसजवळ खंबातच्या आखाताला मिळते, एकूण ७२४ किलोमीटर. आपल्या शेतांवरून गेलेलं पाणी शेवटी ज्या समुद्रात पडतं त्याच समुद्रातल्या माशाची स्वप्नं आम्ही इथे बसून बघतो, मला तरी हे फार जवळचं वाटतं.

पहिला दिवस : भुसावळ, हतनूर, चांगदेव

थंडी चांगली होती. भुसावळला आबांच्या दारात पोचलो तर ते मफलर गुंडाळून, रॉडची पिशवी खांद्याला लावून तयारच उभे. आबा रेल्वेतून रिटायर झालेत, नोकरीची बरीच वर्षं पनवेलला गेली आणि तिथेच उरण-अलिबागच्या किनाऱ्याचा नाद लागला तो भुसावळला परत आले तरी सुटला नाही. आधी हतनूरला गेलो, ४१ दरवाज्यांचं ते लांबलचक धरण, आणि बॅकवॉटरला थंडीचे पाहुणे पक्षी उतरलेले. त्यांच्या जवळपास गळ टाकायचा नाही हा आबांचा पहिल्यापासूनचा नियम आणि मला तो शंभर टक्के पटतो, पक्ष्याच्या पायात लाइन अडकली की तो गेलाच. म्हणून सरळ पुढे चांगदेवला गेलो, जिथे पूर्णा येऊन तापीला मिळते. मंदिरात दर्शन घेतलं आणि संगमाच्या खालच्या अंगाला मोकळं पाणी बघून उभे राहिलो.

आबांचा स्वप्नातला मासा म्हणजे रावस. आता रावस बाजारात बघितलेला असतो सगळ्यांनी, खाल्लेला असतो, त्यात स्वप्न काय असं कोणी विचारेल. पण आबांची अट ऐका. बोटीतून नको, जिवंत कोळंबी लावून नको. किनाऱ्यावर उभं राहून, गुडघाभर लाटेत, लूरवर म्हणजे नकली आमिषावर, उजाडायच्या वेळेला, आणि लांबी आपल्या बोटाच्या टोकापासून खांद्यापर्यंत भरली पाहिजे. किलो नाही, सेंटीमीटर नाही, स्वतःच्या हाताचं माप. आबा सांगत होते की रावस ओहोटी संपून पाणी परत चढायला लागलं की बोय माशाच्या मागे किनाऱ्याच्या फेसापर्यंत येतो, पाणी गढूळ असलं तरी त्याला चालतं कारण त्याच्या छातीच्या पराखाली दोन्ही बाजूला चार-चार दोरे असतात, त्याने तो चाचपत जातो. तोंड खालच्या बाजूला, आणि एकदा लागला की आडवा पळतो, असा पळतो की रीलचा आवाज ऐकून शेजारी उभा असलेला माणूस आपली लाइन गुंडाळून बाजूला होतो.

त्यांची एक वही आहे. किनारा कुठला, तिथी कुठली, वारा कुठून होता, पाण्याचा रंग कसा, पाण्यात बोय दिसले का, किती वाजता पहिला धक्का लागला, सगळं बॉलपेनने लिहिलेलं. मी ती वही उघडून बसलो आणि माझा पुढचा तासभर कसा गेला कळलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांना रावस मिळालेत, चांगले मिळालेत, पण खांद्यापर्यंतचा नाही. एक आणखी गोष्ट आबांनी सांगितली ती मला आधी माहीत नव्हती, हा रावस आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खांद्यापर्यंतचा रावस मिळाला तर ती मादी असणार, आणि आबा म्हणाले, "तिला सोडणार. फोटो काढीन, हाताला लावून बघीन आणि सोडीन. खायला कोपरापर्यंतचे बस आहेत मला."

संगमावर मासा काही लागला नाही, आम्ही त्यासाठी गेलोही नव्हतो. आबांनी त्यांचा लांब किनाऱ्याचा रॉड काढून साधं शिसं लावून कास्ट करून दाखवलं, या वयात त्यांचं शिसं जिथे पडत होतं तिथे माझं पडत नव्हतं. ते म्हणतात की समुद्रावर वर्षातून थोडेच दिवस मिळतात, ते दिवस हात गरम करण्यात घालवायचे नाहीत, हात इथे गरम करायचा. दुपारी घरी भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या, वांगी बामणोदची. त्यावर मी काही लिहीत बसत नाही, ज्याने खाल्लंय त्याला कळेल.

दुसरा दिवस : धुळे

एरंडोल, पारोळा करत धुळे. बापूंच्या घरी पूर्वीपासून सुतारकाम, लाकूड खरादायचं मशीन अंगणातच आहे, दिवसभर पलंगाचे पाय आणि पोळपाट-लाटणी निघतात आणि रात्री जेवण झालं की बापू त्याच मशीनवर समुद्रातल्या माशासाठी पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारे लाकडी लूर काढतात. मी हे फोनवर ऐकून होतो पण प्रत्यक्ष बघितलं तेव्हा मन भरून आलं. लाकूड शिवणचं, कारण हलकं असतं आणि फाटत नाही. वीतभर लांबीचा तुकडा, पुढे वाटीसारखा खोलगट तोंडाचा आकार, कारण ओढल्यावर त्याच खोलगटपणात पाणी अडतं आणि भप्प करून उडतं आणि खालच्या माशाला वाटतं वर काहीतरी जखमी तडफडतंय. शेपटीकडे पोटात शिसं ओततात, म्हणजे फेकताना शेपूट पुढे जाते आणि पाण्यात तो तिरका तरंगतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण लाकडातून आरपार स्टीलची तार. मासा तारेला लटकतो, लाकडाला नाही. लाकडात नुसता स्क्रू पिळून कडी लावली तर मोठा मासा ती उपटून नेतो आणि तोंडात गळ घेऊन जातो, ते त्या माशाच्या जिवावर बेततं. मग सीलर, रंग, इपॉक्सीचे थर एकावर एक, प्रत्येक थर वाळवायचा, घासायचा. एक पॉपर पुरा व्हायला बरेच दिवस जातात.

बापूंचा मासा म्हणजे जीटी, जायंट ट्रेव्हली. अंदमानला जाऊन, आणि स्वतःच्या हाताने खरादलेल्या पॉपरवर. विकतच्या जपानी पॉपरवर लागला तर तो मोजायचा नाही असं त्यांनी स्वतःशीच ठरवलंय. वजनाची काही अट नाही. मी विचारलं की बापू, पाच किलोचा लागला तरी चालेल का, तर म्हणाले "माझ्या लाकडाला दात लागले पाहिजेत, बस."

जीटीबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा खडकाच्या आणि प्रवाळाच्या कडेला राहणारा मासा, अंगाने चांदीसारखा, डोकं बुलडोझरसारखं, आणि ताकदीचा असा की सेशेल्समधल्या फारकर बेटांवर पाण्यावरून उडणारी पक्ष्यांची पिल्लं त्याने उडी मारून धरल्याचं चित्रण झालेलं आहे. जगातला विक्रमी जीटी ७२.८ किलोचा, २००६ साली जपानच्या कागोशिमा भागातल्या तोकारा बेटांजवळ मिळालेला. लागल्या लागल्या तो सरळ खाली खडकात शिरायला बघतो आणि लाइन घासून तोडतो, म्हणून ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक घट्ट ठेवावा लागतो, म्हणून रॉड जाड, रील मोठं, लाइन आठ नंबर पीई म्हणजे जाड ब्रेड, आणि म्हणून माणसाच्या पाठीची वाट लागते. हौशी लोकांचे जागतिक विक्रम आयजीएफए नावाची संस्था १९३९ पासून ठेवते आणि त्यांचा एक नियम मला फार आवडतो, मासा लागल्यापासून तो हाती येईपर्यंत किंवा सोडेपर्यंत रॉडला किंवा रीलला दुसऱ्या कोणी हात लावला की तो विक्रम बाद. मदत करायची इच्छा असेल तरी लांब उभं राहून करायची.

त्यामुळे बापूंची तयारी चालू असते. दुपारी गच्चीवर गेलो, खाली अंगणात ढेपेचं पोतं, त्याला लाइन बांधलेली, वर बापू कमरेला पट्टा लावून रॉड वाकवून उभे, आणि मी खाली पोत्याजवळ स्प्रिंगचा काटा धरून आकडा ओरडून सांगतोय. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश ठेवायचा असा हिशोब असतो, तो काट्यावर बघून लावला की हाताला सवय होते, मग अंधारातही कळतं किती घट्ट आहे. शेजारच्या आजी गच्चीवर मिरच्या वाळवत होत्या, त्यांनी विचारलं, "काय करी राहिना रे बापू?" बापू घामाघूम, तरी म्हणाले, "आजी, समुद्रमा जावानं शे." आजी म्हणाल्या, "जा भो, पन जपीसन जा." आणि पोतं जेव्हा जमिनीवरून वितभर उचललं गेलं तेव्हा त्या आजीच सगळ्यात जास्त खूश झाल्या.

रात्री एफजी नॉट बांधायची स्पर्धा लावली. ब्रेड लाइन नायलॉनच्या लीडरवर, म्हणजे गळाकडच्या जाड तुकड्यावर, इकडून तिकडून घट्ट गुंडाळत न्यायची, लीडरला स्वतःला गाठच पडत नाही त्यामुळे जोड बारीक राहतो आणि रॉडच्या कड्यांमधून सुळकन जातो. बोटीवर हलताना, ओल्या हाताने ही गाठ जमली पाहिजे म्हणून बापू बादलीत हात बुडवून बांधतात. शेवभाजी आणि भाकरी खाल्ली, वेळ झाला होता तरी बापू परत मशीनवर बसले आणि मला त्यांनी एक छोटा पॉपर देऊन टाकला, निळी पाठ, पांढरं पोट.

तिसरा दिवस : सारंगखेडा, प्रकाशा, नंदुरबार

बापू आता गाडीत सोबत. दोंडाईचावरून सारंगखेड्याला आलो तर दत्तजयंती तोंडावर, घोड्यांचा बाजार भरत होता, ट्रकमधून घोडे उतरत होते. तिथे फार थांबलो नाही पण बापूंनी एका पांढऱ्या घोड्यासमोर बराच वेळ काढला. पुढे प्रकाशा, तापी आणि गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणतात. बॅरेजमुळे पाणी भरपूर. काठावर बापूंचा मोठा पॉपर मोकळ्या पाण्यात फेकून बघितला, दीडशे ग्रॅमचं लाकूड हवेत गेलं की तो आवाजच वेगळा असतो, आणि लांबवर पडून भप्प झालं की काठावरची पोरं पळत आली. "भाऊ, मासा लागना का?" "कितला मोठा शे?" त्यांना पॉपर हातात दिला, तर एकाने तो पाण्यात धरून स्वतःच ओढून बघितला आणि पाणी कसं उडतं ते त्याला बरोबर कळलं. नदीवर दर्शनाला आलेल्या लोकांपासून लांब जाऊनच कास्ट करा हं, तिहेरी गळ असले तर आणखी लांब.

नंदुरबार जवळ आलं तशा लाल मिरच्यांच्या पथाऱ्या दिसायला लागल्या, मैदानंच्या मैदानं लाल, गाडीच्या काचा बंद तरी डोळ्याला झोंबत होतं. तिथे ताई. ताई शाळेत शिकवतात, त्यांचे मिस्टर पण येतात समुद्रावर पण ते पुस्तक वाचत बसतात, गळ ताईंचा. आणि ताईंचं स्वप्न आमच्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे, त्यांना मोठा मासा नकोच. त्यांना जाती पाहिजेत. पक्षी बघणारे लोक जशी यादी ठेवतात तशी त्यांची यादी आहे, समुद्रातल्या किती जातींचे मासे स्वतःच्या गळावर बघितले. बारीक रॉड, बारीक लाइन, नखाएवढा गळ, कोळंबीचा तुकडा, आणि खडकातली डबकी, जेटीच्या खांबांची सावली, खाडीचा गाळ, जिथे आम्ही बघतसुद्धा नाही तिथे त्या बसतात. बांगडा, मुडदुशी, टोळ, काळुंदर, गोबरा, तांबोशी, शिंगाळा, केंड. प्रत्येकाचा फोटो, पराचे काटे मोजलेले, रंगाची नोंद. केंड मासा विषारी, तो फुगला की मुलांना मजा वाटते पण त्याला हात लावून खेळत बसायचं नाही, हळूच गळ काढून सोडायचा असं त्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना सांगतात.

मला आधी वाटायचं की लहान माशात काय मजा, पण ताईंच्या टेबलावर त्या यादीची पानं बघितली आणि माझं मत बदललं. आपण किनाऱ्यावर जाऊन सुरमई नाही मिळाली, जिताडा नाही मिळाला म्हणून तोंड पाडून घरी येतो, आणि त्याच खडकावरून ताई दोन नव्या जाती लिहून आणतात. समुद्राला त्या जास्त ओळखतात, हे मला मान्य करावंच लागेल. मोठ्या जगातही असे वेगवेगळे ध्यास असतात. कोणी एका दिवसात बोनफिश, टार्पन आणि परमिट असे तिन्ही मासे मिळवायच्या मागे असतो, कोणी लाइनच्या ताकदीच्या वीसपट वजनाचा मासा काढायच्या मागे, म्हणजे लाइन बारीक आणि मासा प्रचंड, सगळा खेळ हाताचा. आणि ऑस्ट्रेलियात केर्न्सला हजार पाउंडाच्या काळ्या मार्लिनमागे लोक आयुष्य घालवतात. काळ्या मार्लिनचा विक्रम तर १९५३ साली पेरूमध्ये झालेला, ७०७ किलोचा, तो आजपर्यंत मोडलेला नाही. ताईंनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "छान आहे, पण मला आधी पोपटमासा पाहिजे."

चौथा दिवस : उकईचं बॅकवॉटर

ताई आणि त्यांचे मिस्टर पण निघाले, दोन गाड्या झाल्या. खांडबारा, नवापूर, आणि मग आत वळून पाण्यापर्यंत. उकई धरण गुजरातमध्ये सोनगडजवळ, १९७२ सालचं, पण त्याचं पाणी मागे आपल्या नवापूर-नंदुरबारच्या बाजूला पसरलंय, आणि त्या पाण्याखाली गावं गेलेली आहेत. इथे हौस म्हणून येताना ते लक्षात ठेवायला पाहिजे. इथल्या लोकांची शेती गेली आणि मासेमारी हाती आली, तर आपण त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये, त्यांच्या जाळ्यांच्या जवळ गळ फेकू नये, आणि होडी घेतली तर पैसे देताना घासाघीस करू नये. आम्ही ओळखीतून एका दादांची होडी घेतली, ते मावची बोलणारे, आमच्याशी मराठीत बोलत होते.

ऊन वर आल्यावर काठाच्या गवताजवळ बापूंना एक मरळ लागला, छोट्या बेडकाच्या लूरवर, थंडीत मरळ आळसावलेला असतो पण उन्हाला वर येतो. बापूंनी हात ओला केला, गळ काढला आणि पाण्यात सोडला. दादा बघत होते. त्यांनी विचारलं, "सोडता तर मग धरता कशाला?"

हा प्रश्न मला नेहमी येतो आणि मी तो टाळत नाही. मी सांगितलं की दादा, तुम्ही धरता ते घरासाठी, आम्ही धरतो ते त्या धक्क्यासाठी आणि त्याला जवळून बघायला, आणि बघून झाल्यावर तो परत पाण्यात असला की बरं वाटतं. ते हसले नाहीत, विचार करत राहिले, आणि मग त्यांनी स्वतःचं सांगायला सुरुवात केली. तरुणपणी ते गुजरातमध्ये मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून जात होते. समुद्र त्यांनी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त बघितलाय! त्यांचा स्वप्नातला मासा घोळ. घोळीच्या पोटातल्या फुग्याला परदेशात एवढी किंमत येते की एक मोठी घोळ सापडली की अख्ख्या बोटीचा मूड बदलतो, मालक मिठाई वाटतो. रात्री इंजिन बंद करून होडीच्या तळाला कान लावला की खालून टर्र टर्र आवाज येतो, तो घोळीच्या जातीचा मासा, फुगा थरथरवून आवाज करतो, असं ते सांगत होते आणि ताई भराभरा लिहून घेत होत्या. २०२३ मध्ये गुजरातने घोळ हा राज्यमासा जाहीर केला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने पापलेट. दादांना हे माहीत नव्हतं, ऐकून म्हणाले, "बरोबर आहे, घोळच पाहिजे." त्यांच्या स्वप्नात कर्ज फिटणं होतं, पोरीचं लग्न होतं. आमच्या स्वप्नात फोटो असतो. दोन्ही मासे एकाच पाण्यातले, पण ते दादांच्या तोंडून ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही.

संध्याकाळी काठावर शेकोटी केली आणि मग माझ्यावर आलं, तुझं सांग म्हणाले.

माझा मासा जिताडा. रायगडच्या लोकांचा लाडका, चवीसाठी प्रसिद्ध, तळ्यातही पाळतात. पण मला तो पाहिजे तो खाडीच्या तोंडाशी, पायी जाऊन, मोठ्या ओहोटीला नाही, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते आणि पाणी जरा निवळतं तेव्हा, लूरवर. खाडीचं पाणी उतरायला लागलं की लहान मासे, कोळंबी खारफुटीतून बाहेर ढकलली जातात आणि जिताडा अशा जागी तोंड वर करून वाट बघत थांबतो, जिथे बारीक ओहोळ मोठ्या पाण्याला मिळतो. तो तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो आणि त्याचा आवाज होतो, अंधारात तो आवाज एकदा ऐकला की माणूस कामाला लागला म्हणून समजा. मी तो ऐकलाय. एका पावसाळ्याआधीच्या रात्री रायगडच्या एका खाडीवर माझ्या लूरवर असाच आवाज झाला, लाइन ताणली, आणि टॉर्चच्या उजेडात तो पूर्ण पाण्याबाहेर आला, डोकं झटकलं, डोळा लाल चमकला. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, लीडर चांगला जाड होता तरी कापला गेला. तो मासा किती मोठा होता मला माहीत नाही आणि मी अंदाजही सांगत नाही. पण तेव्हापासून जिताडाच.

ऑस्ट्रेलियात याच माशाला बॅरामंडी म्हणतात आणि तिकडच्या प्रत्येक गळवाल्याचं ध्येय ठरलेलं, मीटरभर लांबीचा. विक्रमी बॅरामंडी ४४.६४ किलोचा, २०१० मध्ये क्वीन्सलँडच्या मोंडुरान तलावातला. नॉर्दर्न टेरिटरीत तर २०१५ पासून खुणा लावलेले बॅरामंडी नद्यांमध्ये सोडतात आणि काही माशांवर दहा लाख डॉलरचं बक्षीस असतं, २०२४ मध्ये एका तरुण पोराला ते लागलं सुद्धा. बापू म्हणाले असा मासा मिळाला तर काय करशील. मी म्हटलं बक्षीस घेईन ना, का नाही, पण तो माझ्या यादीतला जिताडा नसणार, माझा रायगडच्या खाडीतलाच पाहिजे.

जिताड्याचंही रावसासारखंच, आधी नर, मग मादी. मोठ्या माद्या लाखोंनी अंडी घालतात. क्वीन्सलँडमध्ये म्हणूनच ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा ठेवता येत नाही, मधलाच ठेवायचा. आपल्याकडे असं काही हौशी लोकांनी स्वतःहून पाळलं तर कोणी अडवत नाही. मीटरभर मादी मिळाली तर मी तिला सोडणार, आणि ते नीट करणार. हात ओले, मासा आडवा, एक हात पोटाखाली, जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही कारण सगळं वजन मानेच्या मणक्यावर येतं, फोटोवाला आधी तयार ठेवायचा आणि मगच पाण्याबाहेर काढायचा. आणि मग पाण्यात धरून ठेवायचा जोवर तो स्वतः शेपूट मारत नाही. आबांनी हेच वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. स्वप्नातल्या माशाचा जीव फोटोच्या नादात जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. मी याबद्दल बोलायला लागलो की थांबत नाही, ताईंच्या मिस्टरांनी शेवटी पुस्तक मिटलं आणि ते पण ऐकत बसले.

पाचवा दिवस : नवापूर

सकाळी दादांच्या घरी चहा झाला, त्यांना बापूंनी एक पॉपर दिला, घोळीसाठी त्याचा काही उपयोग नाही हे दोघांनाही माहीत होतं पण दादांनी तो घरात देवाजवळ ठेवला. ताईंना नवापूर स्टेशन बघायचं होतं, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, तर तिथल्या बाकावर बसूनच आम्ही तिथीचं कॅलेंडर आणि भरतीच्या वेळा उघडल्या. सुरतकडे जाणारी गाडी समोरून गेली.

बापूंचं फेब्रुवारीत ठरलं, अंदमानला तेव्हा समुद्र शांत असतो, बोट तिघांत वाटून घ्यायची आहे आणि तिसरा माणूस अजून पाहिजे. ताई पौष वद्य अष्टमीच्या आसपास जाणार, शनिवार-रविवार धरून, खडकाळ किनारा, पोपटमाशासाठी. आबांना फोन लावला तर त्यांनी वहीत बघून सांगितलं की त्यांचे मागचे चांगले रावस कुठल्या तिथीला होते आणि आम्ही जायचं तर त्याच तिथीला जायचं. माझा जिताडा थंडीत मंद असतो, मी मे महिन्यातला भांग धरलाय, १ जूनला यांत्रिक बोटींची बंदी सुरू व्हायच्या आधीचा, पाणी तापलेलं असतं आणि खाडीत कोळंबी असते. लीडर यावेळी आणखी जाड घेणार आहे. बापूंनी विचारलं रात्री सोबत कोण, मी म्हटलं अजून कोणी नाही, तर म्हणाले मग मी येतो, टॉर्च मी धरतो, पण रॉडला हात लावणार नाही.